शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. वयाच्या १४ व्या वर्षी त्यांनी घरातच दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचे लहानसे यंत्र बनविले. मलाही असलाच नाद! परळीच्या वीजकेंद्राच्या तारा पाहून मी परसात तुराट्यांचे खांब रोवले आणि टॉर्चच्या सेलवर लाईन ओढली; तार बारीक नि लांब, म्हणून शेवटचा दिवा मिणमिणता. दादांच्या मते या नादाने पोट भरत नाही. भिशांनाही ही विवंचना चुकली नाही. लंडनमध्ये त्यांनी छपाईचे खिळे पाडणारे यंत्र शोधले, पण भांडवल? ते सर रतनजी टाटांनी पुरविले. पुढे ती मदत थांबली, तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले भिसे अमेरिकेला गेले. तेथे त्याच यंत्रासाठी नवी कंपनी काढली. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कलाच वारले.