ज्याच्यासाठी नियम बदलले

खेळाडूने नियमाप्रमाणे खेळायचे, ही जगरहाटी. पण कधीतरी असा एखादा खेळाडू निपजतो, की त्याच्यापायी नियमच बदलावे लागतात. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जॉर्ज मायकन हा असा माणूस होता.

१८ जून १९२४ रोजी इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी, क्रोएशियन वंशाच्या कुटुंबात तो जन्मला. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि उंची मात्र वाढतच चाललेली. धर्मगुरू व्हायचे म्हणून तो सेमिनरीत गेला होता. पण १९४२ साली शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात दाखल झाला. ६ फूट १० इंचांच्या या अवघडलेल्या पोराला प्रशिक्षक रे मायर यांनी दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या आणि पाय मोकळे व्हावेत म्हणून चक्क नाच शिकायला धाडले. रिंगखाली उभे राहून आलटूनपालटून दोन्ही हातांनी चेंडू टाकण्याचा त्याचा सराव आजही त्याच्याच नावाने मुलांना शिकवतात.

रिंगकडे येणारे चेंडू तो वरच्या वर उडवून लावी. १९४४ मध्ये कॉलेजच्या खेळात त्यावर बंदी आली. पुढे तो मिनियापोलिस लेकर्स या संघात गेला आणि १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत संघाने पाच अजिंक्यपदे पटकावली. रिंगसमोरचा पट्टा तेव्हा जेमतेम ६ फूट रुंद होता. हल्ला करणाऱ्याने त्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचे नाही, एवढेच बंधन. मायकन पट्टयाच्या कडेला खांबासारखा उभा राही, चेंडू घेई आणि वळून टाकी. १९५१ मध्ये पट्टा १२ फूट रुंद करण्यात आला. त्याची सरासरी २८.४ वरून २३.८ वर आली आणि रिंगजवळची जागा चपळ खेळाडूंना मोकळी झाली.

प्रतिस्पर्ध्यांनी दुसरा उपाय आधीच शोधला होता. तो म्हणजे चेंडू त्याच्या हाती लागूच द्यायचा नाही! २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू दाबून ठेवत लेकर्सना १९-१८ असे हरवले. त्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे होते. एरवीही आघाडीवरचा संघ वेळ काढी, मागे पडलेला फाउल करी, आणि खेळ पुन्हा पुन्हा थांबे. प्रेक्षक कंटाळले. अखेर सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला. सामन्याचे सेकंद २८८०, चांगल्या सामन्यात चेंडू रिंगकडे टाकले जातात सुमारे १२० वेळा. म्हणजे दर वेळी २४ सेकंद. १९५४ मध्ये तेवढ्या सेकंदांचे घड्याळ आले, संघाच्या फाउलांवरही मर्यादा आली, आणि एका हंगामात संघांची सरासरी ७९.५ वरून ९३.१ वर गेली.

त्याच वर्षी मायकन निवृत्त झाला होता. १९५५-५६ मध्ये परतला, ३७ सामने खेळला. पण खेळ आता धावू लागला होता. मग त्याने वकिली केली. १९६७ मध्ये एबीए या नव्या लीगचा तो आयुक्त झाला. तिरंगी चेंडू आणि लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण, ही त्या लीगची ओळख. १९७९ मध्ये एनबीएनेही तीन गुणांची रेषा स्वीकारली. आज उंच खेळाडूही रिंग सोडून त्या रेषेबाहेर उभे दिसतात, यात रिंगखालच्या या सम्राटाचाही वाटा आहे.

एक नियम मात्र त्याच्या हयातीत बदलला नाही. जानेवारी १९६४ मध्ये बोस्टनला, ऑल-स्टार सामन्याच्या ऐन वेळी, पेन्शनचे आश्वासन मिळेपर्यंत खेळाडू मैदानात उतरायला तयार नव्हते. त्यातून पेन्शन मिळाली. पण १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या वाट्याला आली ती तुटपुंजी रक्कम. बँकेत उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला अशा तारखांचे मोल सांगायला नको. एका तारखेच्या अलीकडे-पलीकडे माणसाचे म्हातारपण बदलते. मधुमेहाने २००० साली मायकनचा पाय गेला, पुढे डायलिसिस आले; तरी तो जुन्या सोबत्यांसाठी भांडत राहिला. १ जून २००५ रोजी तो गेला. अंत्यसंस्काराचा खर्च शकील ओनील या पुढच्या पिढीतल्या महाकाय खेळाडूने उचलला. जुन्या खेळाडूंच्या पेन्शनमध्ये वाढ झाली ती त्यानंतर, २००७ मध्ये.