दयेवर वाचलेला पाय आणि हक्काचा दवाखाना

आमच्या वस्त्यांमधून कुणाला मोठे दुखणे लागले की घरातली माणसे आधी कागद गोळा करायला पळतात. पिवळे रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, नगरसेवकाचे नाहीतर आमदाराचे पत्र, आणि मग धर्मादाय रुग्णालयातल्या टेबलापुढे हात जोडून उभे राहणे. खाट कायद्याने राखीव असते, पण पुष्कळदा पदरात पडते ती कुणाच्या तरी मेहेरबानीने. चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे कधी ना कधी पाहिले आहे. म्हणून आज आम्ही वाचकांना एका परक्या देशातल्या माणसाची ओळख करून देत आहोत. ही मेहेरबानी त्याने लहानपणी स्वतःच्या पायावर अनुभवली आणि सत्ता हाती येताच आपल्या प्रांतातून ती हद्दपार करायला घेतली. थॉमस क्लेमेंट डग्लस हे त्याचे नाव. कॅनडात त्याला टॉमी डग्लस म्हणूनच ओळखतात.

२० ऑक्टोबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावी त्याचा जन्म झाला. बाप फौंड्रीतला कामगार. पोटासाठी हे कुटुंब कॅनडातल्या विनिपेग शहरात आले. स्कॉटलंडमध्येच पडल्यामुळे टॉमीच्या उजव्या गुडघ्याला मार लागला होता आणि हाडात पू झाला होता. विनिपेगच्या इस्पितळात त्याला फुकट रुग्णांच्या वॉर्डात ठेवले आणि पाय कापावा लागेल असे आईबापांना सांगितले. चांगला शल्यविशारद गाठायला पैसा नव्हता. तेवढ्यात डॉ. स्मिथ नावाच्या एका नामांकित शल्यविशारदाची नजर त्या पोरावर गेली. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्याल तर एक पैसाही घेणार नाही, असे त्याने कळवले. आईबापांनी होकार दिला आणि पाय वाचला.

त्या डॉक्टरला आम्ही नावे ठेवत नाही. माणूस भला होता. पण त्या दिवशी तो त्या वॉर्डात आला नसता तर? किंवा शिकवण्याजोगे ते दुखणे नसते तर? श्रीमंताच्या मुलाला अशा योगायोगाची वाट पाहावी लागत नाही. डग्लस यांनी हा प्रसंग जन्मभर सांगितला, आणि तो त्या डॉक्टरचे उपकार मोजण्यासाठी नव्हे तर ह्या फरकावर बोट ठेवण्यासाठी सांगितला.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये विनिपेगच्या कामगारांनी सार्वत्रिक संप केला. २१ जून रोजी घोडेस्वार पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, दोघे मेले. पंधराव्या वर्षात असलेला टॉमी हे एका इमारतीच्या छपरावरून पाहत होता. पुढे तो छापखान्यात काम शिकला, मुष्टियुद्धात मॅनिटोबा प्रांताचा हलक्या वजनाचा विजेता झाला, मग महाविद्यालयात गेला आणि बाप्टिस्ट धर्मोपदेशक होऊन १९३० साली सस्कॅचेवान प्रांतातल्या वेबर्न गावी आला. प्रांत गव्हाचा, पण वर्षानुवर्षे दुष्काळ आणि त्यात जागतिक मंदी. डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत म्हणून उपचाराविना मेलेल्या तरण्याताठ्या माणसांचे दफनविधी ह्या धर्मोपदेशकाला करावे लागले. प्रवचनाने हे थांबणार नाही हे ओळखून तो शेतकरी-कामगारांच्या को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन ह्या नव्या पक्षात गेला आणि १९३५ साली खासदार झाला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. १९३३ मध्ये डग्लस यांनी मॅकमास्टर विद्यापीठाला जो प्रबंध सादर केला, त्यात त्यांनी वेबर्नच्या काही गरीब कुटुंबांना जन्मतःच कमी प्रतीचे ठरवले होते. अशा लोकांना वेगळे ठेवावे, लग्नाआधी त्यांची तपासणी व्हावी, काहींची नसबंदी करावी, असा सल्ला त्यात होता. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारा हा विचार कुठला आहे हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या काळात मोठमोठे विद्वान हाच विचार बाळगून होते, शेजारच्या अल्बर्टा प्रांताने तर १९२८ सालीच नसबंदीचा कायदा केला आणि तो १९७२ पर्यंत ठेवला. डग्लस १९३६ साली हिटलरची जर्मनी पाहून आले. पुढे आरोग्यखाते स्वतःकडे असताना नसबंदीच्या शिफारशी समोर आल्या, तेव्हा त्यांनी त्या बाजूला सारल्या. अल्बर्टासारखा कायदा सस्कॅचेवानात झाला नाही. तरीही आपल्या प्रबंधाबद्दल त्यांनी उघडपणे हिशेब दिला नाही, ही उणीव आम्ही झाकणार नाही.

१५ जून १९४४ रोजी प्रांतिक निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. डग्लस मुख्यमंत्री झाले आणि आरोग्यखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. सप्टेंबरमध्येच त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डॉ. हेन्री सिगरिस्ट यांना बोलावून प्रांताची पाहणी करवून घेतली. हेच सिगरिस्ट त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात भोर समितीचे सल्लागार म्हणून आले होते. त्या वेळी दिल्लीत बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि कामगारांच्या आजारविम्याचा प्रा. अडारकर यांचा अहवाल नुकताच त्यांच्या खात्याकडे आला होता. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. मात्र तो कारखान्यातल्या कामगारापुरता राहिला. भोर समितीने पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराला मुकू नये असे १९४६ साली सांगितले, तो अहवाल कपाटात गेला. सस्कॅचेवानात काय झाले ते पाहा.

१९४५ च्या आरंभापासून वृद्ध, विधवा आणि त्यांच्या मुलांना डॉक्टर, इस्पितळ, औषधे, दात असे सगळे मोफत झाले. कर्करोगावरचे उपचारही मोफत झाले. पैसा नसलेला हा प्रांत, लोकसंख्या नऊ लाखांच्या आत. एकदम सगळे जमणार नाही हे डग्लस जाणून होते. म्हणून त्यांनी आधी इस्पितळे बांधायला अनुदाने दिली, कारण खाटाच नसतील तर विम्याचे कार्ड काय चाटायचे? १९४६ साली स्विफ्ट करंट ह्या एका विभागात डॉक्टरांच्या सेवेचाही विमा करून पाहिला. आणि १ जानेवारी १९४७ पासून साऱ्या प्रांताला इस्पितळ विमा लागू केला. माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंब कितीही मोठे असले तरी ३० डॉलरच्या वर नाही. वसुली गावोगावच्या नगरपालिकांनी करायची, कमी पडेल ते सरकारने करातून भरायचे. दारिद्र्याचा दाखला कुणालाच आणायचा नव्हता. गिरणीमालक आणि शेतमजूर एकाच कार्डावर एकाच वॉर्डात, ही त्यातली खरी बाब. त्याच वर्षी वंश, वर्ण आणि धर्मावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा हक्कांचा कायदाही ह्या प्रांताने केला.

आता केंद्राकडे वळू. कॅनडाच्या १८६७ च्या घटनेप्रमाणे इस्पितळे हा प्रांतांचा विषय. प्रांतांची इस्पितळे ओटावातले केंद्र सरकार स्वतः चालवू शकत नाही, पण अटी घालून पैसा देऊ शकते. सस्कॅचेवानचा प्रयोग चालतो हे दिसल्यावर १९५७ साली केंद्राने कायदा केला की जो प्रांत सर्वांना इस्पितळ विमा देईल त्याचा साधारण निम्मा खर्च केंद्र उचलील. त्यामुळे डग्लस यांच्या तिजोरीत पैसा मोकळा झाला, आणि त्यांनी लगेच राहिलेला अर्धा भाग, म्हणजे डॉक्टरांची फी, विम्यात घ्यायचे १९५९ साली जाहीर केले. १९६० ची निवडणूक ह्याच प्रश्नावर झाली. डॉक्टरांच्या संघटनेने पैसा ओतून विरोधी प्रचार केला आणि तरी डग्लस जिंकले. कायदा नोव्हेंबर १९६१ मध्ये झाला. पण तोवर डग्लस नव्या राष्ट्रीय पक्षाचे नेते होऊन दिल्लीला, म्हणजे तिथल्या ओटावाला, निघाले होते. मुख्यमंत्रिपद वुड्रो लॉईड नावाच्या एका शाळामास्तराकडे आले.

१ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप २३ दिवस चालला. रुग्णाला वेठीस धरून मक्तेदारी टिकवायची, ही रीत सगळीकडची सारखीच. लॉईड यांनी ब्रिटनमधून डॉक्टर आणवले. साध्या माणसांनी वर्गणी काढून स्वतःचे सहकारी दवाखाने उघडले. आम्हाला ह्या सगळ्या कथेत हेच सर्वांत मोलाचे वाटते. शेवटी तडजोड झाली. डॉक्टर खाजगीच राहिले, प्रत्येक तपासणीची फी सरकार भरणार, रुग्ण नाही. डग्लस मात्र जूनमध्येच रिजायनातून लोकसभेची निवडणूक हरले होते, ह्याच डॉक्टरांच्या रागापायी. ऑक्टोबरात ते दुसऱ्या प्रांतातून निवडून आले.

१९६४ साली न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने हीच योजना देशभर न्यावी असे सांगितले. १९६६ साली पिअरसन यांच्या अल्पमतातल्या सरकारने कायदा केला, डग्लस यांच्या पक्षाने त्याला बळ दिले. अटी चार होत्या. योजना सरकारी असावी, सर्व वैद्यकीय सेवा तीत याव्यात, ती सर्वांना मिळावी, दुसऱ्या प्रांतात गेले तरी चालावी. जुलै १९६८ मध्ये सस्कॅचेवान आणि ब्रिटिश कोलंबिया आधी आले. ओंटारियो बराच वेळ कुरकुरत राहिला, पण आपल्या रहिवाशांचा कर दुसऱ्या प्रांतांत जातो हे पाहून १९६९ मध्ये आला. १९७१ पर्यंत सगळे प्रांत आत होते. बाहेरची औषधे आणि दात मात्र ह्या कायद्याबाहेर राहिले. आदिवासी जमातींना सस्कॅचेवानात प्रांतिक मताचा हक्क डग्लस यांनी १९६० साली दिला, तरी त्यांची वेगळी इस्पितळे केंद्राच्या हाती होती आणि त्यांची दशा वाईट होती. समतेच्या ह्या योजनेलाही आपला गावकुसाबाहेरचा भाग होता.

डग्लस १९७९ पर्यंत खासदार राहिले. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी ओटावात कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २००४ साली दूरचित्रवाणीवरच्या मतदानात कॅनडाच्या लोकांनी त्यांना सर्वश्रेष्ठ कॅनेडियन ठरवले. शाळामास्तर लॉईड १९६४ ची निवडणूक हरले. त्यांच्यानंतर आलेल्या सरकारने योजना मोडायची हिंमत केली नाही, पण १९६८ साली प्रत्येक तपासणीला रुग्णाकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. गरिबांनी आणि म्हाताऱ्यांनी डॉक्टरकडे जाणे कमी केले. १९७१ साली डग्लस यांचा पक्ष पुन्हा सत्तेवर आला, तेव्हा ती फी काढून टाकण्यात आली.