हाताला काम तालुक्यातच मिळावं म्हणून : यशवंतराव चव्हाण आणि एमआयडीसीची गोष्ट

गावातल्या कुठल्याही तरुण पोराला विचारा, कामाला कुठं जातोस? दहातले चार-पाच जण कंपनीचं नाव सांगतच नाहीत. एमआयडीसीत, एवढंच सांगतात. एसटीच्या पाटीवर तेच नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी तेच नाव. सोयरीक जुळवतानाही मुलगा एमआयडीसीत पर्मनंट आहे, हे आवर्जून सांगितलं जातं.

एमआयडीसी म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, राज्य सरकारची संस्था. ती उभी राहिली 1962 साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना. यशवंतरावांना आपण जयंती-पुण्यतिथीला हार घालतो. पण हे महामंडळ त्यांना का हवं होतं, हे समजून घ्यायचं तर त्यांच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

देवराष्ट्रेचा पोरका मुलगा

यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज ते सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात आहे. सागरेश्वराच्या डोंगराजवळचा हा कमी पावसाचा मुलूख. पलीकडच्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाई कामासाठी देशभर पांगली, तीही याच कारणाने. शेतीवर पोट भरत नव्हतं.

वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते. यशवंतराव लहान असतानाच ते गेले. आई विठाबाईंनी कष्ट करून मुलांना वाढवलं. कुटुंब कराडला आलं. थोरल्या भावाने कोर्टातली नोकरी धरली आणि त्या पगारावर घर चाललं. घरात एकाची नोकरी असली म्हणजे काय फरक पडतो, हे यशवंतरावांनी पोटाने अनुभवलं होतं. आजही ज्या घरात एक पोरगा पगार आणतो, त्या घरात दुसऱ्याची फी भरली जाते. तसंच हे.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले. 1932 साली तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. वय होतं जेमतेम 19. तुरुंगात मोठ्या कार्यकर्त्यांची संगत लाभली, भरपूर वाचन झालं. सुटून आल्यावर शिक्षण सोडलं नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकून 1938 साली बीए झाले, पुण्यातून 1941 साली वकील झाले. 2 जून 1942 रोजी फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत चले जाव चळवळ सुरू झाली. यशवंतराव भूमिगत झाले. पोलिसांनी घरच्यांना सोडलं नाही. नव्या नवरीलाही तुरुंग पाहावा लागला.

मुंबईची वाट

1946 साली ते आमदार झाले, स्वातंत्र्यानंतर मंत्री झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी गुजरातसह असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. तो काळ त्यांच्यासाठी सोपा नव्हता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती, माणसं गोळीबारात हुतात्मा झाली होती आणि यशवंतराव मात्र काँग्रेसच्या बाजूने उभे होते. लोकांचा राग त्यांनी सोसला. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. स्वतः यशवंतराव कराडमधून थोडक्या मतांनीच निवडून आले. अखेर 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि ते त्याचे पहिले मुख्यमंत्री ठरले.

राज्य तर मिळालं, पण त्यातले कारखाने जवळपास सगळे मुंबई आणि ठाण्याच्या पट्ट्यात. बाकी महाराष्ट्र पावसाकडे डोळे लावून बसलेला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीचा तरुण शेतात भागत नाही म्हणून मुंबईची गाडी धरायचा. गिरणीत काम करायचा, दहा बाय दहाच्या खोलीत दहा-बारा जणांत राहायचा आणि मनिऑर्डर गावाकडे पाठवायचा. गावात म्हातारे, बाया आणि लहान पोरं. कोकणात आणि घाटावर कितीतरी घरांची हीच कथा होती.

यशवंतरावांचा विचार असा होता की माणसाने कामामागे पळण्यापेक्षा काम माणसाजवळ आलं पाहिजे. जमिनीचे वाटे होत होत तुकडे पडणार, घरातल्या सगळ्या पोरांना शेती पुरणार नाही, हे त्यांना दिसत होतं. म्हणून शेती आणि उद्योग हातात हात घालून चालतील अशी कृषी-औद्योगिक समाजरचना ते मांडत राहिले. सहकारी साखर कारखान्यांना त्यांनी बळ दिलं ते यासाठीच. पण ऊस सगळीकडे पिकत नाही. जिथे ऊस नाही तिथल्या पोरांचं काय, या प्रश्नाला वेगळं उत्तर लागणार होतं.

1 ऑगस्ट 1962

राज्य स्थापन झाल्यावर पाचच महिन्यांत, 1 ऑक्टोबर 1960 रोजी, उद्योग खात्याखाली औद्योगिक विकास मंडळ नेमलं गेलं. कायदा कसा असावा हे ठरवणं त्याचं काम. त्यातून महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम 1961 तयार झाला. 1 ऑगस्ट 1962 रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये छोटासा कार्यक्रम झाला, अध्यक्षस्थानी यशवंतराव होते आणि एमआयडीसीचा जन्म झाला.

हे 1962 साल नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1 मे रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये एमआयडीसी आली. नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ उभं राहिलं. त्याच सुमारास कोयनेची वीज सुरू झाली. सत्ता, शिक्षण, वीज आणि कारखाना, चारही गोष्टी मुंबईबाहेर नेण्याचा हा एकाच माणसाचा एकाच वेळचा प्रयत्न होता.

महामंडळ करतं काय?

समजा एखाद्याला खेड्याजवळ कारखाना काढायचा आहे. त्याने पन्नास सातबारे गोळा करायचे, प्रत्येकावर आठ-दहा हिस्सेदार, एखादा मुंबईला, एखाद्याची सही मिळत नाही. मग मोजणी, बिगरशेती परवाना, रस्ता, नदीवरून पाणी, वीज. चार-पाच वर्षं यातच जाणार. असा माणूस सरळ ठाण्यालाच जागा बघणार.

ही कटकट सरकारने आपल्या अंगावर घ्यायची, हे एमआयडीसीचं मूळ सूत्र. महामंडळासाठी सरकार जमीन संपादित करतं. महामंडळ आराखडा करून रस्ते काढतं, पाण्याची योजना उभी करतं, विजेची सोय करून घेतं आणि प्लॉट पाडतं. हे प्लॉट कारखानदाराला कायमचे विकले जात नाहीत, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. ठरलेल्या मुदतीत बांधकाम केलं नाही, तर प्लॉट परत घेण्याचा अधिकार महामंडळाकडे असतो. प्लॉटचे, पाण्याचे पैसे येतात, त्यातून देखभाल आणि पुढची वसाहत होते.

सुरुवातीला अंबरनाथ, डोंबिवली, पिंपरी-चिंचवड इथे काम झालं. मग वसाहती पसरत गेल्या. नाशिकला सातपूर आणि अंबड, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि वाळूज, नागपूरला हिंगणा आणि बुटीबोरी, कोल्हापूरला शिरोली, रत्नागिरीत लोटे-परशुराम, कराडजवळ तासवडे. पुढे तालुक्याच्या ठिकाणीही छोट्या वसाहती झाल्या.

चार महिन्यांत दिल्ली

एमआयडीसी सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच चीनने आक्रमण केलं. पंतप्रधान नेहरूंनी यशवंतरावांना बोलावून घेतलं आणि नोव्हेंबर 1962 मध्ये ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. रोप लावलं, पण पाणी घालायला माणूस थांबला नाही.

तरीही रोप वाळलं नाही. कारण यशवंतरावांनी नुसती घोषणा केली नव्हती. कायदा केला होता, स्वतंत्र महामंडळ दिलं होतं, त्याला उत्पन्नाचं साधन दिलं होतं. मागे आलेल्या सरकारांनी त्यात भर घातली. वसंतराव नाईकांच्या काळात 1964 साली मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. कर्जपुरवठ्यासाठी 1966 साली सिकॉम उभी राहिली. आज सवलती ठरवताना तालुक्यांचे अ, ब, क, ड आणि ड अधिक असे वर्ग पाडलेले असतात. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. त्यामागे विचार तोच, कारखाना मुंबई सोडून आत यावा.

यशवंतराव पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र अशी मोठी खाती सांभाळून 1979 साली काही महिने उपपंतप्रधानही झाले. दिल्लीत असताना त्यांच्यावर टीकाही खूप झाली. आणीबाणीनंतरच्या राजकारणात त्यांची फरपट झाली, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात.

त्यांच्या हयातीतच त्यांची जुनी काळजी खरी ठरली. जानेवारी 1982 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, संप मिटलाच नाही आणि हजारो माणसं रिकाम्या हाताने गावी परतली. सगळ्या गावाची चूल एका शहराच्या भरवशावर ठेवली की काय होतं, ते सातारा, सांगली, कोकणाने पाहिलं.

जमीन गेली, त्याचं काय?

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती गावकऱ्यांपेक्षा जास्त कुणाला माहीत नाही. प्लॉट आकाशातून पडत नाही. तो कुणाच्या तरी सातबाऱ्यातून निघतो. एमआयडीसी कायद्याच्या कलम 32 ची नोटीस आली की घरात रात्रभर कुणाला झोप लागत नाही. अनेक ठिकाणी जुन्या काळात अगदी किरकोळ मोबदल्यात जमिनी गेल्या. ज्याचं शेत होतं, तोच माणूस पुढे त्याच जागेवरच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. कुठे कारखाने आले पण काम ठेकेदारामार्फत, बारा-बारा तास, पर्मनंटचं नाव नाही. कुठे सांडपाण्याने ओढा नासला, विहिरी गेल्या. तर कुठे प्लॉट घेऊन वर्षानुवर्षं नुसतं तारेचं कुंपण घातलेलं, आत बाभळी.

आणि जो असमतोल मोडायचा होता, तो पुरता मोडलाच नाही. मुंबईबरोबर पुणे आणि नाशिक वाढलं. मराठवाडा, विदर्भ आणि कोकणातल्या कित्येक तालुक्यांतली पोरं आजही पुण्याची गाडी धरतात.

महामंडळ जागा, रस्ता, पाणी देऊ शकतं, पण कारखानदाराला ओढून आणू शकत नाही आणि आलेल्याने गावच्या पोराला घ्यावं हेही आपोआप होत नाही. राज्याच्या धोरणात कामगार पातळीवर 80 टक्के स्थानिक घेण्याची अट आहे, पण तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, शेजारच्या गावचा असंच नाही. त्यामुळे आयटीआय करून, अर्ज घेऊन, हातात कसब घेऊन दारात उभं राहावं लागतं. स्वतःचा छोटा धंदा काढायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढावी लागते. रिकाम्या प्लॉटबद्दल विचारण्याचं काम मात्र सगळ्या गावाचं आहे. यशवंतरावांनी त्याच 1962 साली पंचायत समिती आणि जिल्हा परिषदही दिली होती, ती असल्या प्रश्नांसाठीच.

प्रीतिसंगमावर

1 जून 1983 रोजी वेणूताई गेल्या. त्या धक्क्यातून यशवंतराव सावरले नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. 25 नोव्हेंबर 1984 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. कराडला कृष्णा आणि कोयना मिळतात त्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मागे राहिली ती कृष्णाकाठ हे आत्मचरित्र आणि आयुष्यभर जमवलेली पुस्तकं. ती आजही कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात आहेत.

त्या समाधीपासून थोड्याच अंतरावर, महामार्गालगत तासवडे एमआयडीसी आहे. पाळी सुटली की डबे अडकवलेल्या मोटारसायकली बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या गावांकडे वळतात. रात्रीच्या जेवणाला ही पोरं आपल्या घरी असतात. ज्यांच्या आज्यांनी मुंबईच्या मनिऑर्डरची वाट बघत दिवस काढले, त्या घरांना याची किंमत कळते. ज्या तालुक्यात अजून अशी पाळी सुटत नाही, तिथे यशवंतरावांचं काम बाकी आहे.