रेव्हरंड नारायण वामन टिळक

प्रतिवर्षीं परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या खारघरांत घरोघर मुलानें पुढें कोणती शाखा घ्यावी याची वाटाघाट सुरू होते. परंतु आपलें आयुष्य कोणाच्या चरणीं वाहावें, या त्याहून थोर प्रश्नाचा निर्णय बहुधा कोणी जाणूनबुजून करीत नाहीं. ज्यांनीं तो प्रश्न स्वतःपुढें ठेविला, दीर्घकाळ तोलला आणि उत्तर मिळाल्यावर त्याची पुरी किंमत दिली, अशा एका महाराष्ट्रीय कवीचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं ब्राह्मण कुळांत झाला. आईचें छत्र बालपणींच हरपलें. नाशिक येथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें, व पुढें ठिकठिकाणीं शिक्षकाचें काम केलें. पण कोठेंच त्यांचा पाय ठरेना. जातिभेदानें दुभंगलेल्या आपल्या देशास एका सूत्रांत बांधील असा धर्म कोणता, या शोधांत त्यांचें मन सदैव गुंतलेलें असे.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशाशीं त्यांचें काव्य व धर्म या विषयांवर संभाषण झालें. निरोप घेतांना त्या गृहस्थांनीं नव्या कराराची प्रत त्यांच्या हातीं दिली, आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीतही केलें. वाचण्याचें वचन दिलें होतें, तें पाळावें म्हणून टिळकांनीं पुस्तक उघडलें. आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच ते तेथेंच खिळले. तथापि भावनेच्या भरांत त्यांनीं उडी घेतली नाहीं. वाचन, मनन आणि प्रार्थना यांत दिवस गेले. आपण काय गमावणार हेंही त्यांस पूर्ण ठाऊक होतें. अखेर ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

आप्तस्वकीय दुरावले. सर्वांत मोठा घाव पत्नी लक्ष्मीबाई यांजवर पडला. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या त्या साध्वीनें लहानग्या दत्तूस घेऊन माहेरच्या माणसांचा आश्रय केला, आणि चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नी विभक्त राहिलीं. एकाच्या श्रद्धेसाठीं दुसऱ्यानें इतकें सोसावें काय, हा प्रश्न आम्हांसही अस्वस्थ करितो, आणि त्यावर सोपें उत्तर आम्हांजवळ नाहीं. एवढें मात्र खरें कीं, टिळकांनीं पत्नीवर आपला धर्म लादला नाहीं. त्या अहमदनगरास आल्या तेव्हां त्यांची चूल व आचारविचार निराळेच होते. पुढें स्वतःच्या विचारानें त्यांच्या मनांतील जातिभेद गळून पडला, आणि १९०० सालीं त्यांनीं आपखुषीनें बाप्तिस्मा घेतला. ही सर्व हकीकत त्यांनीं आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथांत मोकळ्या मनानें सांगितली आहे.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनीं मराठमोळेपण सोडलें नाहीं. अभंग, भजन, कीर्तन हीं संतांचीं साधनें त्यांनीं ख्रिस्तमंदिरांत आणिलीं. त्यांचीं गीतें मराठी मंडळ्यांत आजही गाइलीं जातात. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचें संपादन केलें, ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यास आरंभ केला, आणि तरुण बालकवि ठोमरे यांस आपल्या घरांत पुत्रवत् ठेविलें. १९१७ सालीं मिशनची बांधलेली नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले, व सर्वांस मोकळा असा ‘देवाचा दरबार’ त्यांनीं मांडला. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरचा धर्म कोणताही असो, श्रद्धेचा निर्णय पुढें तुम्हांसही करावा लागेल. तो करतांना टिळकांप्रमाणें आधीं शोध करा, मग निश्चय करा. आणि पालकांस आमची नम्र विनंती कीं, लक्ष्मीबाईंस जो अवकाश मिळाला तो आपल्या मुलांसही द्यावा. कारण स्वतः निवडलेली श्रद्धाच संकटांत टिकते.