डॉक्टर कार्टर

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरउतारावर असो की सातारच्या शिवारात असो, महाराष्ट्राचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी राबत आला. पायात बाभळीचा काटा मोडणे ही त्याच्या लेखी क्षुल्लक गोष्ट. परंतु कधी कधी त्या लहानशा जखमेतून मातीतील बुरशी शरीरात शिरते. पाऊल हळूहळू सुजते, त्यास छिद्रे पडतात आणि त्यांतून बारीक काळे दाणे बाहेर येतात. वेदना फारशा नसल्यामुळे रोगी वर्षानुवर्षे स्वस्थ बसतो. तोवर रोग हाडापर्यंत पोहोचतो. ‘मदुरा पाय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचे खरे कारण शोधण्यासाठी ज्यांनी अपार कष्ट घेतले, ते डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर होत.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या गावी झाला. त्यांचे वडील चित्रकार होते. ती कला मुलाच्याही हाती उतरली. लंडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी डॉ. हेन्री ग्रे यांच्या शरीररचनेवरील ग्रंथासाठी तीनशेहून अधिक चित्रे काढली. १८५८ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ जगभर मान्यता पावला. पण तो ओळखला जाऊ लागला ग्रे यांच्याच नावाने. कार्टर यांच्या वाट्यास ठरलेल्या मोबदल्यापलीकडे काही आले नाही.

त्याच वर्षी ते मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते अध्यापन करीत आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात रोग्यांची सेवा करीत. मदुरा पायाचे रोगी तेथे येत. पाय कापून टाकणे, एवढाच त्या काळी उपाय होता. ज्याचे पोट पायांच्या बळावर चालते, त्याचा पाय गेला म्हणजे सर्वस्वच गेले. कापलेल्या पायाचा एकेक भाग कार्टर सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहत आणि दिसेल ते हुबेहूब रेखाटून ठेवत. ते काळे दाणे म्हणजे बुरशीच्या तंतूंचे गोळे आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. १८६० पासून त्यांनी या विषयावर लेखन केले आणि रोगास ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, असे नाव दिले. पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन असतानाही त्यांचा अभ्यास थांबला नाही. १८७४ साली त्यांचा या रोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या रोगाचे काही प्रकार बुरशीमुळे नव्हे, तर जंतूंमुळे होतात, हे नंतरच्या संशोधकांनी दाखविले. परंतु काळ्या दाण्यांविषयीचा कार्टर यांचा निष्कर्ष खरा ठरला.

१८७७ साली दुष्काळामुळे असंख्य लोक मुंबईत आले आणि शहरात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तात मळसूत्री आकाराचे जंतू पाहिले. हा अभ्यास करताना त्यांना स्वतःलाच त्या तापाने गाठले. तरी बरे होताच त्यांनी काम पुढे चालविले.

१८८८ साली ते निवृत्त झाले आणि १८९७ साली इंग्लंडमध्ये निधन पावले. बुरशीवर गुणकारी औषध निघालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अशी औषधे विसाव्या शतकात निघाली. ज्या पुणे जिल्ह्यात जुन्नर व आंबेगाव हे तालुके आहेत, त्याच जिल्ह्यातील पिंपरीच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक औषध तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याच्या संशोधकांनी शोधून काढले. आज रुग्णालयातील अत्यवस्थ रोग्याच्या रक्तात बुरशी शिरली, तर ती कोणत्या जातीची आहे, याचा डॉक्टर कसून शोध घेतात. कारण एका जातीवर चालणारे औषध दुसरीवर चालेलच असे नाही. रोगाचे मूळ ओळखल्यावाचून उपाय सापडत नाही. ते मूळ ओळखण्याचे काम कार्टर यांनी, हाती उपाय नसतानाही, निष्ठेने केले.