एका पैचा हिशेब आणि नाथांची शांती

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणच्या गोदाकाठी दिंड्या उतरतात, त्या वेळी पवनेच्या काठावरील काळेवाडीत मात्र नेहमीचीच पहाट उजाडलेली असते. पहिल्या पाळीची माणसे डबा घेऊन पिंपरी, भोसरी, चाकणच्या वाटेला लागलेली असतात. रात्रपाळीची माणसे तारवटलेल्या डोळ्यांनी परतत असतात. ठरलेला आकडा, ठरलेली वेळ आणि चूक झाल्यास द्यावा लागणारा जाब हे ज्यांचे रोजचे ओझे, त्यांना संत म्हटला की कामधाम टाकून अरण्यात गेलेला विरक्त पुरुष आठवतो. त्याची शांती आपल्या काय कामाची, असेही मनात येते. ‘शांतिब्रह्म’ म्हणून महाराष्ट्राने ज्यांना गौरविले त्या एकनाथ महाराजांचे चरित्र या समजुतीला छेद देते. नाथांची शांती अरण्यात घडली नाही. ती घडली एका किल्ल्याच्या कचेरीत.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठण येथे संत भानुदासांच्या कुळात नाथांचा जन्म झाला. मातापित्यांचे छत्र अगदी बालपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढविले. वयाच्या सुमारे बाराव्या वर्षी हा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला तो थेट देवगिरीला पोहोचला. तेथील जनार्दनस्वामी हे निजामशाहीच्या चाकरीतील किल्लेदार. शत्रूची चाहूल, रसद, वसुली, सैनिकांचे पगार अशा शेकडो चिंता वाहणारा हा अधिकारी अंतर्यामी दत्तभक्त होता. अशा गुरूने शिष्याच्या हाती जपमाळेबरोबर जमाखर्चाची वहीही दिली, यात नवल नाही.

एका रात्रीची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. हिशेबात एका पैची चूक राहिली. पै ती काय! दुसरा कोणी असता तर खिशातून भरपाई करून झोपी गेला असता. नाथ मात्र समईच्या उजेडात वहीसमोर बसून राहिले. आकड्यामागून आकडा तपासता तपासता रात्र सरत आली आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. त्या आवाजाने जागे झालेल्या, काही चरित्रकारांच्या मते आधीपासूनच आडून पाहत असलेल्या, गुरूंनी शिष्याला जवळ घेतले. एका पैसाठी चित्त इतके एकाग्र होत असेल, तर तेच चित्त ईश्वराकडे वळविल्यास काय घडेल, हा बोध त्यांनी त्या पहाटे केला.

कीर्तनात या कथेचा उत्तरार्ध रंगतो. मला तिचा पूर्वार्ध अधिक मोलाचा वाटतो. रात्रभर नाथ कोणावर चिडले नाहीत, चूक कोणाची याची चौकशी त्यांनी केली नाही, उद्या काय जाब द्यावा लागेल याच्या कल्पनेत शिरले नाहीत. समोरच्या ओळीखेरीज त्या वेळी त्यांना दुसरे काही नव्हते. गुरूंनी नवी शक्ती दिली असे म्हणण्यापेक्षा, असलेली शक्ती ओळखून दाखविली असे म्हणावे.

पुढे नाथ पैठणला परतले, गिरिजाबाईंशी विवाह करून गृहस्थ झाले. पहाटेचे ध्यान, गोदास्नान, पूजा, पुराण, अन्नदान, रात्रीचे कीर्तन असा त्यांचा दिनक्रम घड्याळाविना घड्याळासारखा चाले. त्यांना डिवचणारेही पुष्कळ निघाले. स्नान करून येताना अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसाची कथा प्रसिद्ध आहे. थुंकण्याची संख्या एकशे आठ सांगतात, ती बहुधा जपमाळेवरून आली असावी. नाथांना राग आणून दाखविण्याची पैज लावून आलेल्या ब्राह्मणाची कथा त्याहून गोड आहे. तो पूजेत येऊन नाथांच्या मांडीवर बसला, तरी ते हसले. मग वाढण्यासाठी वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर त्याने उडी घेतली. नाथांनी पाहुणा पडू नये म्हणून पत्नीला सावध केले. त्यावर त्या माउलीने, मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय आपल्याला आहेच, असे सांगितले. नाथांच्या शांतीचे पोवाडे गाताना त्या घरातील दुसऱ्या शांतीची आठवण आपण क्वचितच ठेवतो.

खरी कसोटी लागली ती ग्रंथलेखनात. भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिण्यास नाथांनी आरंभ केला आणि पहिले अध्याय काशीस पोहोचताच तेथील पंडितांनी त्यांना जाब विचारण्यास बोलाविले, असे परंपरा सांगते. डोक्यावर असा आरोप असताना लेखणी थरथरावयाची. नाथ काशीस गेले आणि तेथेच पुढचे अध्याय लिहीत राहिले. शके १४९५ च्या, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस, वाराणसीतच तो एकतीस अध्यायांचा ग्रंथ पूर्ण झाला. ज्यांनी जाब विचारला होता त्यांनीच पुढे त्याचा गौरव केला, अशी कथा आहे.

काळेवाडीकरांना जवळचा वाटेल असा प्रसंग मात्र आळंदीचा. ज्ञानदेवांच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागल्याचा दृष्टांत झाल्याने नाथ आळंदीस आले आणि दुर्लक्षित समाधीचा शोध घेऊन त्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. त्यांचे दुसरे काम याहून चिवट होते. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सुमारे तीनशे वर्षांच्या नकलांमुळे अपपाठ शिरले होते. प्रती जमवून, ताडून, शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, नाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः थोर कवी असूनही त्यांनी आपली ओवी त्यात घातली नाही, आणि पुढे कोणी घालू नये अशी ताकीदही दिली. देवगिरीची ती रात्र येथे पुन्हा उभी राहते: तीच समई, तीच ओळीमागून ओळ, शोधावयाची चूक तेवढी आता पैची नव्हती.

उतारवयात त्यांनी भावार्थ रामायण हाती घेतले. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ते पोहोचले. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला, तेव्हा काम अपुरे होते. उरलेले रामायण त्यांच्याच घरी वाढलेल्या गावबा नावाच्या शिष्याने पूर्ण केले.