एका कर्नलची खोटी चिठ्ठी आणि खानदेशचा हरवलेला रानपिंगळा

25 नोव्हेंबर 1997 ची सकाळ. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तीन अमेरिकन पक्षी अभ्यासक शहाद्याजवळच्या जंगलात एका छोट्याशा घुबडाकडे बघत होते. नंदुरबार जिल्हा तेव्हा झाला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. समोर बसलेला पक्षी होता रानपिंगळा. 1884 नंतर त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती, त्यामुळे तो नामशेष झाला असंच बरेच जण धरून चालले होते.

मग मधली 113 वर्षं तो कुणालाच का सापडला नाही? याच्या उत्तरात एका बड्या माणसाचं नाव येतं, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन.

1878 साली लंडनमध्ये श्रीमंत घरात जन्मलेला हा माणूस 1899 मध्ये ब्रिटिश सैन्यात गेला आणि भारतात आला. पुढे केनियात बदली झाली. तिथे 1905 मध्ये नांदी लोकांचा नेता कोइतालेल याला बोलणीसाठी बोलावून त्याने ठार मारलं. पहिल्या महायुद्धात खोट्या कागदांची पिशवी टाकून तुर्कांना फसवल्याचं श्रेय त्याने घेतलं. ती कल्पना मुळात त्याची नव्हतीच, असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं.

त्याचं खरं वेड मात्र पक्ष्यांचं. दुर्मिळ आणि स्थलांतरित पक्ष्यांसाठी तो लडाखपासून अरबस्तानापर्यंत फिरला. 1937 मध्ये तर अफगाणिस्तानच्या मोहिमेत सलीम अली त्याच्यासोबत होते. त्या काळात पक्षी मारून, कातड्यात कापूस भरून ठेवायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायचे. चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख असायची. कोणता पक्षी कुठे राहतो, कोणत्या महिन्यात कुठे जातो, हे सगळं याच चिठ्ठ्यांवरून ठरायचं.

माइनर्ट्झहागेनने 1954 मध्ये असे सुमारे 20 हजार नमुने लंडनच्या संग्रहालयाला दिले. त्याच संग्रहालयाने 1919 मध्ये नमुने परस्पर उचलल्यावरून त्याला पक्षी विभागात यायला बंदी घातली होती. तरी त्याचं वजन एवढं होतं की 1967 मध्ये तो वारला तोपर्यंत उघडपणे फारसं कुणी बोललं नाही.

1993 मध्ये ॲलन नॉक्स यांनी रेडपोल या हिवाळी पाहुण्या पक्ष्याचे त्याचे नमुने तपासले आणि बिंग फुटलं. दुसऱ्यांचे जुने नमुने चोरायचे, नव्याने भरायचे आणि आपल्या चिठ्ठ्या लावायच्या, असा त्याचा प्रकार होता.

रानपिंगळ्याचे जगभरात मिळून जेमतेम 7 नमुने होते. त्यातला एक आपण 1914 मध्ये गुजरातमधल्या तापीकाठच्या मांडवीला मिळवला, असा माइनर्ट्झहागेनचा दावा होता. सगळ्यात अलीकडची नोंद म्हणून शोध घेणारे मांडवीला जायचे आणि हात हलवत परत यायचे.

रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. आत भरलेला कापूस आणि शिवायची पद्धत वेगळ्याच माणसाची निघाली. तो माणूस म्हणजे 1880 च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेले आयसीएस अधिकारी जेम्स डेव्हिडसन. तंतू जुळवायला एफबीआयच्या प्रयोगशाळेचीही मदत झाली. म्हणजे मांडवीचा म्हणून मिरवलेला पक्षी मूळचा खानदेशचाच होता.

मांडवीची नोंद बाजूला ठेवल्यावर डेव्हिडसन यांच्या जुन्या जागा उरल्या. त्यातली एक शहादा. तिथेच तो दिसला, तोही दिवसाढवळ्या, कारण रानपिंगळा दिवसा वावरणारं घुबड आहे.

त्यानंतर तळोदा, तोरणमाळ, जळगाव जिल्ह्यातलं यावल, मेळघाट आणि 2014 मध्ये मुंबईजवळच्या तानसातही त्याच्या नोंदी झाल्या. तरी त्याची संख्या फार थोडी आहे आणि जंगलतोडीमुळे तो आजही धोक्यात आहे.

आता नमुने मारून आणावे लागत नाहीत, कॅमेरा पुरतो. पण फोटोखाली लिहिलेलं ठिकाण आणि तारीख आजही त्या चिठ्ठीचंच काम करतात. ती चुकली की पुढचा माणूस भलत्याच जंगलात शोधत बसतो.